एका ओळीतील अदलाबदल

रात्री उशिरा, घरातील सगळे झोपलेले असताना, मी आवाज पूर्णपणे बंद करून एक चित्रफीत पाहत होते. 18 फेब्रुवारी 2024 या दिवशी पिट्सबर्ग पेंग्विन्स या आइस हॉकी संघाने यारोमिर यागरचा 68 हा क्रमांक सन्मानाने निवृत्त केला, त्या समारंभाची ती चित्रफीत होती. सामन्याआधीच्या सरावासाठी संघातील खेळाडू पाठीवर 68 मिरवीत आणि हेल्मेटखालून मानेवर रुळणारे खोटे केस सोडून बर्फावर उतरले होते, कारण नव्वदच्या दशकात यागरचा तो केशसंभार त्याच्या खेळाइतकाच गाजलेला होता. त्या एकसारख्या दिसणाऱ्या घोळक्यात खुद्द यागरही होता. तीनच दिवसांपूर्वी बावन्न वर्षे पूर्ण केलेला, अंगाने भरलेला, तरीही वळणावर वजन कुठे टाकावे हे पायांना न सांगता ठाऊक असलेला. आवाज नसल्यामुळे सारे काही जाड काचेपलीकडे घडत असल्यासारखे वाटत होते. हजारो लोक टाळ्या वाजवीत होते, ओठ हलत होते, आणि त्यातले काहीही माझ्यापर्यंत पोहोचत नव्हते.

चित्रफीत संपल्यावर, झोप येत नव्हती म्हणून, मी त्याच्या पहिल्या हंगामाचे आकडे काढले. आकड्यांच्या खाली त्या वर्षी झालेल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची यादी होती आणि त्या यादीत एक ओळ होती: 13 डिसेंबर 1990, जिम काइट पिट्सबर्गहून कॅल्गरीला, यिरी हर्दिना कॅल्गरीहून पिट्सबर्गला. हर्दिनाचे नाव मला परिचयाचे होते. अठरा वर्षांच्या यागरला अमेरिकेत करमेना, म्हणून संघाने त्याच्या भाषेत बोलणारा एक वडीलधारा खेळाडू आणून दिला, ही हकीकत हॉकीच्या जगात प्रसिद्ध आहे आणि मीही ती कित्येकांना कौतुकाने सांगितलेली आहे. पण आणून दिला म्हणजे कुणाला तरी देऊन आणला, हे इतक्या वर्षांत कधी माझ्या मनातही आले नव्हते. जिम काइट कोण, हे मी त्या रात्री शोधून काढले, आणि तेव्हापासून ती ओळ माझी पाठ सोडत नाही.

यागर क्लाद्नोचा. प्रागच्या वायव्येला असलेले हे कोळशाचे आणि पोलादाचे गाव. पोल्दी या पोलाद कारखान्याच्या छायेत वाढलेले. त्याच्या आजोबांची शेतजमीन कम्युनिस्ट राजवटीने सामूहिक शेतीत ओढली, त्यांनी विरोध केला, तुरुंगवास भोगला, आणि 1968 मध्ये, ज्या वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले त्याच वर्षी, ते गेले. नातवाचा जन्म 1972 चा, म्हणजे त्याने आजोबांना पाहिलेले नाही. तरी त्याने पाठीवर घेतला तो आकडा आजोबांच्या वर्षाचा, आणि हॉकीतील क्रमांक ही अशी गोष्ट आहे की ती घालणाऱ्याला स्वतःला दिसत नाही, मागून येणाऱ्यालाच दिसते. सातव्या वर्षापासून हा मुलगा दिवसाला हजार बैठका काढीत असे असे सांगतात. सोळाव्या वर्षी तो क्लाद्नोच्या मुख्य संघातून मोठ्या माणसांबरोबर खेळू लागला होता.

त्याच्या आधी जे चेकोस्लोव्हाक खेळाडू अमेरिकेत किंवा कॅनडात गेले, त्यांतले बहुतेक पळून गेले. पीटर श्तास्तनी आणि त्याचा भाऊ आंतोन 1980 च्या ऑगस्टमध्ये इन्सब्रुकमधल्या स्पर्धेतून निसटून क्वेबेकला पोहोचले. सतरा वर्षांचा पेत्र नेद्वेद 1989 च्या जानेवारीत कॅल्गरीतील एका कुमार स्पर्धेनंतर आपल्या संघाबरोबर परतलाच नाही. पुढे अकरा महिन्यांत आपल्या देशातली राजवट कोसळणार आहे, हे त्याला कोण सांगणार होते? उत्तर अमेरिकेतील राष्ट्रीय हॉकी लीगचे संघ दरवर्षी नवे खेळाडू आळीपाळीने निवडून घेतात; त्यात यागरची निवड झाली 1990 च्या जूनमध्ये, व्हँकुव्हरमध्ये, पाचव्या क्रमांकावर, आणि निवडीच्या त्या सभागृहात देश न सोडता, न पळता, उजळ माथ्याने हजर राहिलेला तो पहिला चेकोस्लोव्हाक खेळाडू ठरला. सगळे सरळ झाले होते. पारपत्र खिशात होते, आईवडिलांना भेटायला येता येणार होते आणि परतीचे दार उघडे होते. मला कधीकधी वाटते की त्याच्या घरच्या ओढीचे मूळ त्या उघड्या दारातच असावे. श्तास्तनीला परतता येणारच नव्हते, त्यामुळे परतावेसे वाटण्याची चैनही त्याला परवडणारी नव्हती. यागरला मात्र रोज सकाळी नव्याने ठरवावे लागत होते की आज जायचे नाही.

त्यात पिट्सबर्ग हेही पोलादाचेच शहर, पण ज्याच्या बहुतेक भट्ट्या विझलेल्या होत्या. ओळखीच्या वासाच्या जागी अनोळखी माणसे भेटली की परकेपणा अधिक बोचतो की कमी, हे मला अजून नीटसे उमगलेले नाही.

खेळ तर तोच होता, असे आपण म्हणतो. पण तोही तोच नव्हता. युरोपातील मैदान साधारण शंभर फूट रुंद असते आणि उत्तर अमेरिकेतील पंच्याऐंशी. हे पंधरा फूट कागदावर किरकोळ दिसतात. प्रत्यक्षात कडेने धावणाऱ्या खेळाडूसाठी त्या पंधरा फुटांत एक श्वास असतो, मान वर करून पाहण्याइतका वेळ असतो, आणि तो तिथे अचानक नाहीसा होतो. जिथे मोकळा बर्फ असायला हवा तिथे कुणाचा तरी खांदा येऊन आदळतो. युरोपातून आलेल्या खेळाडूंना त्या काळी हे खांदे जरा मुद्दामच जास्त बसत. 1973 मध्ये टोरांटोला आलेल्या बोर्ये सालमिंग या स्वीडिश बचावपटूने ते आधीच सोसले होते. एक परदेशी आला म्हणजे आपला एक मुलगा बाहेर बसला, हा हिशेब तिथल्या प्रेक्षकांच्या मनात होता, आणि तो अगदीच चुकीचा होता असेही म्हणवत नाही. शेवटी संघातील खुर्च्या मोजक्याच.

पण या सर्वांहून मोठी अडचण कानांची होती. हे मला कळले ते कुठल्या मुलाखतीतून नव्हे. काही वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेतील एका लहान रिंकमध्ये मला अगदी पहिल्या रांगेत, काचेला लागून जागा मिळाली होती. दूरदर्शनवर हॉकी ही पाहण्याची गोष्ट असते. काचेजवळ ती ऐकण्याची होते. बोचऱ्या थंडीत ओल्या चामड्याचा आणि रबरी चटयांचा कुबट वास येत होता. पोलादी पाती बर्फ सोलत जात तेव्हा कुणी जाड कापड एका दमात फाडावे तसा आवाज येई. गोठवून कडक केलेली रबरी चकती, म्हणजे पक, लाकडी कठड्यावर आदळली की छातीत ठोका बसे. आणि या सगळ्यावर माणसांचे ओरडणे. ते अखंड चालू होते. बचावपटू पक आणायला स्वतःच्या जाळ्यामागे जातो, तेव्हा त्याची पाठ खेळाकडे असते आणि प्रतिस्पर्धी त्याच्यावर पूर्ण वेगाने चालून येत असतो. तो मागे पाहू शकत नाही. गोलरक्षक आणि जोडीदार त्याचे डोळे होतात. ‘टाइम’ अशी आरोळी आली तर त्याला क्षणभर उसंत आहे. ‘मॅन ऑन’ आली तर अंगावर येणारा आला. ‘रिव्हर्स’ म्हणजे जिथून आलास तिकडेच पक परत सोड. ‘ओव्हर’ म्हणजे पलीकडच्या जोडीदाराला दे. एकेक शब्द, अर्ध्या सेकंदाचा. त्या रात्री एका तरुण बचावपटूला ती आरोळी उशिरा ऐकू आली की काय कोण जाणे, पण माझ्यापासून हातभर अंतरावर तो काचेवर असा आपटला की काच माझ्या कपाळापर्यंत झुकल्याचा भास झाला. त्याचा चेहरा क्षणभर माझ्या चेहऱ्यासमोर होता. डोळे उघडे, आणि त्यांत दुखण्याच्याही आधी उमटलेले नुसते आश्चर्य.

अठरा वर्षांच्या यागरला या आरोळ्या ऐकू येत होत्या, पण त्या त्याच्या भाषेत नव्हत्या. मैदानावरचे चार-पाच शब्द लवकर पाठ होतात हे खरे. पण प्रशिक्षक फळ्यावर रेघा ओढून जे सांगतो ते, बसमधले विनोद, कपडे बदलण्याच्या खोलीत सगळे एकाएकी हसतात ते, हे सगळे त्याच्यासाठी नुसता आवाज होते. त्या वयात, इतकी कला अंगी असताना, आपल्यावर हसतात की आपल्याशी हसतात हे न कळणे किती जाळत असेल. संघाला ते दिसले, आणि डिसेंबरात त्यांनी हर्दिनाला आणले.

यिरी हर्दिना तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. कॅल्गरीकडून 1989 चा स्टॅनली कप, म्हणजे त्या लीगचा विजेतेपदाचा चषक, जिंकलेला, प्रागच्या स्पार्ता संघातून रीतसर परवानगीने आलेला. चेक भाषेत ‘हर्दिना’ या शब्दाचा अर्थच वीरपुरुष असा होतो. योगायोग इतका ढोबळ आहे की कथालेखकाने तो वापरला असता तर संपादकाने खोडला असता. त्याने त्या मुलासाठी काय केले असेल? बहुधा काहीच मोठे नाही. शेजारी बसला असेल. फळ्यावरची रेघ दोन शब्दांत समजावली असेल. जेवताना गप्प राहिला असेल, पण चेक भाषेत गप्प राहिला असेल, आणि तेवढ्यानेही घास गिळता येत असावा. त्या हंगामात यागरने 27 गोल केले आणि आणखी 30 गोलांना हातभार लावला. वसंतात, न्यू जर्सीविरुद्धच्या पहिल्या फेरीच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात पिट्सबर्ग 4-0 ने जिंकले, आणि त्या चारांपैकी दोन गोल सोबतीसाठी आणलेल्या हर्दिनाचे होते. मे महिन्यात संघाने स्टॅनली कप जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. त्यानंतर हर्दिनाने खेळणे थांबवले. तोवर यागर इंग्रजी बोलू लागला होता, इतकी की तिथल्या नभोवाणीवर त्याच्या आवाजात हवामानाचे अंदाज ऐकवले जात आणि त्याच्या उच्चारांवर अख्खे शहर प्रेमाने हसे. यागरच्या पहिल्या नावाची रोमन अक्षरे हलवली की ‘मारिओ ज्युनिअर’ असे वाचता येते, हाही तिथल्या लोकांचा लाडका शोध होता, कारण मारिओ लेम्यू हा त्या संघाचा राजा. हसण्याचा अर्थ एव्हाना त्याला कळू लागला असणार.

आता जिम काइट.

ओटावाचा मुलगा. 1982 मध्ये विनिपेगने त्याला पहिल्या फेरीत, बाराव्या क्रमांकावर निवडले होते. उंच, आडदांड बचावपटू. अंगावर घेणारा, वेळ पडली तर हातमोजे टाकून मारामारी करणारा. राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये जवळजवळ सहाशे सामने खेळून त्याने सतराच गोल केले, म्हणजे त्याला कुणी गोलांसाठी ठेवले नव्हते. आणि जिम काइट कर्णबधिर होता. कायद्याच्या व्याख्येत बसण्याइतका, लहानपणापासून. श्रवणयंत्रे लावून आणि त्यांना जपेल असे खास हेल्मेट घालून तो त्या लीगमध्ये खेळला, जिथे त्याच्या आधी असे कुणी खेळलेले नव्हते.

हे वाचल्यावर मी बराच वेळ पडद्याकडे नुसती पाहत बसले. संघाने एका माणसाला घालवले आणि एकाला आणले, कशासाठी, तर तिसऱ्या कुणाला तरी बोलायला माणूस मिळावा म्हणून. आणि ज्याला घालवले तो असा, की जाळ्यामागे पक आणायला पाठ फिरवून जाताना ज्याला ‘मॅन ऑन’ ही आरोळी धडपणे ऐकू येण्याची शाश्वती नव्हती. त्या डिसेंबरापर्यंत हे दोघे एकाच संघाचे खेळाडू होते. एकाला शब्द पोहोचत नव्हते, दुसऱ्यापर्यंत पोहोचूनही अर्थ पोहोचत नव्हता. दोघेही ओठांकडे पाहत असतील, चेहऱ्यांवरून अंदाज बांधत असतील, सगळे हसले की अर्धा क्षण उशिरा हसत असतील. एकाच्या त्या अवस्थेवर संघाने उपाय शोधला. दुसऱ्याने स्वतःचा उपाय कधीच शोधून ठेवला होता, इतका चोख, की तो अडचणीत आहे असे कुणाला वाटण्याचे कारणच उरले नव्हते.

इथे मी स्वतःला आवरते, कारण हा प्रसंग फार सहज अन्यायाच्या साच्यात बसतो आणि तो तसा नव्हता. काइट काही निराधार मुलगा नव्हता. सव्वीस वर्षांचा, आठ हंगाम मुरलेला व्यावसायिक होता. अदलाबदल हा त्या धंद्याचा नियम आहे आणि सही करताना प्रत्येकाला तो ठाऊक असतो. पिट्सबर्गला त्याची गरज कमी उरली होती, कॅल्गरीला एक दणकट बचावपटू हवा होता. शिवाय कुणीही त्याला असे सांगितले नसणार की बाबा रे, एका मुलाला घरची आठवण येते म्हणून तू सामान बांध. पण ओळ तर तीच राहते. कॅल्गरीने कप जिंकला होता तो काइट तिथे जाण्याच्या आधी, पिट्सबर्गने जिंकला तो काइट तिथून गेल्यावर पाच महिन्यांनी. स्टॅनली कपच्या चांदीवर खेळाडूंची नावे कोरतात, त्यांत हर्दिनाचे नाव तीनदा आहे आणि काइटचे एकदाही नाही. पुढे ओटावा, सॅन होजे अशी गावे करीत तो खेळत राहिला. 1997 मधल्या एका मोटार अपघातात डोक्याला मार बसून त्याची कारकीर्द संपली. कर्णबधिर मुलांसाठी त्याने हॉकीची शिबिरे चालवली, आणि पुढे ओटावातील अल्गॉनक्विन कॉलेजात तो अधिष्ठाता झाला. आयुष्य छान उभे केले माणसाने. माझ्या सहानुभूतीची त्याला काही गरज नाही, हे मला कळते, आणि तरीही.

यागरची पुढची वीस वर्षे सर्वांना पाठ आहेत, म्हणून भरभर जाते. पाच वेळा लीगमध्ये सर्वाधिक गुण (म्हणजे स्वतःचे गोल आणि हातभार लावलेले गोल मिळून), 1999 मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान, 1998 मध्ये नागानोला ऑलिंपिक सुवर्ण, ज्या अंतिम सामन्यात पेत्र स्वोबोदाच्या एकमेव गोलावर रशिया हरला आणि प्रागच्या जुन्या चौकात माणसांचा समुद्र उसळला. मग वॉशिंग्टन, मग न्यू यॉर्क, जिथे एका हंगामात त्याने 123 गुण मिळवले. या सगळ्यात मला थांबावेसे वाटते ते 2008 पाशी, जेव्हा छत्तिसाव्या वर्षी त्याने अमेरिका सोडली आणि सैबेरियातील ओम्स्क शहराचा आवानगार्द हा संघ धरला. आजोबांच्या आणि रणगाड्यांच्या वर्षाचा आकडा पाठीवर घेऊन हा माणूस रशियात खेळायला गेला आणि तिथेही त्याने तो बदलला नाही. त्याच्या पिढीला शाळेत रशियन भाषा सक्तीने शिकावी लागे. नावडीने शिकलेली ती भाषा तिथे त्याच्या कामी आली असणार. परदेशात गेलेल्या माणसाला भाषा कुठून कशी भेटेल याचा नेम नसतो.

ओम्स्कमध्ये त्याच्या शेजारी अलेक्सेई चेरेपानोव नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा खेळत असे. विलक्षण हात असलेला. न्यू यॉर्क रेंजर्सने 2007 मध्येच त्याला निवडून ठेवले होते, म्हणजे यागर जिथून आला होता तिथेच या मुलाला जायचे होते. त्या शहराबद्दल, तिथल्या अरुंद बर्फाबद्दल, न कळणाऱ्या हसण्याबद्दल सांगायला याहून योग्य माणूस त्याला जगात मिळाला नसता. एके काळी हर्दिना बसला होता त्या जागी आता यागर बसला होता. 13 ऑक्टोबर 2008 रोजी, चेखोव गावातील सामन्याच्या अखेरीस, दोघे बर्फावरून एकत्र बाहेर आले आणि काही क्षणांत तो मुलगा बेंचवर कोसळला. रुग्णवाहिका तोवर निघून गेलेली होती. तिला परत बोलवावे लागले. मुलगा वाचला नाही.

यागर त्यानंतरही तीन हंगाम ओम्स्कमध्येच राहिला. 2011 च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेला परतला, आणि सप्टेंबरच्या 7 तारखेला यारोस्लाव्हलचा लोकोमोटिव संघ हंगामातल्या पहिल्या सामन्यासाठी मिन्स्कला निघालेला असताना त्यांचे विमान कोसळले आणि 44 माणसे गेली. त्यांत तीन चेक खेळाडू होते. त्यांपैकी कारेल राखूनेक वर्षभरापूर्वीच यागरसोबत विश्वविजेत्या चेक संघात खेळला होता. परदेशी हॉकीपटूच्या कारकिर्दीविषयी आपण बोलतो तेव्हा करार, गोल आणि रक्कम यांविषयी बोलतो. ती कारकीर्द बहुतांशी विमानात बसून काढलेली असते हे विसरतो.

परतल्यावर त्याने सात वर्षांत सहा संघ केले. फिलाडेल्फिया, डॅलस, बोस्टन, न्यू जर्सी, फ्लोरिडा, कॅल्गरी. चाळिशी ओलांडलेला माणूस, स्वतःच आता यादीतली ओळ झालेला: डॅलसहून बोस्टनला, न्यू जर्सीहून फ्लोरिडाला, बदल्यात अमुक आणि तमुक. रोमन लिपीत लिहिलेले त्याचे आडनाव आपल्यापैकी कुणीही प्रथम वाचले तर ‘जागर’ असे वाचेल, आणि मला ती चूक दुरुस्त करावीशी वाटत नाही, कारण या वर्षांत त्याची ख्याती झाली ती मध्यरात्रीच्या सरावासाठी. सामना संपून प्रेक्षक घरी गेल्यावर, रिकाम्या रिंकमध्ये, अंगावर वजने बांधून तो एकटाच फेऱ्या मारीत असे. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने फ्लोरिडासाठी 66 गुण मिळवले, संघात सर्वाधिक. 2016 च्या डिसेंबरात त्याने मार्क मेसियरला मागे टाकले आणि लीगच्या इतिहासातील गुणांच्या यादीत त्याच्यापुढे फक्त वेन ग्रेट्स्की उरला. लोक त्याला हट्टी म्हणत, शरीर मानेनासे झाले तरी थांबत नाही म्हणून हळहळतही. मला तो हट्ट वाटत नाही. ज्याला आयुष्यातील पहिला परका देश बर्फाच्या एका आयताकृती तुकड्यावर उभे राहून समजून घ्यावा लागला, त्याला त्या तुकड्याबाहेरचे जग कायम थोडे परभाषेतले वाटत असले पाहिजे.

शेवटचा संघ कॅल्गरी. हे मला त्या यादीमुळेच दिसले, एरवी दिसले नसते. जिथून हर्दिना आला आणि जिथे काइट गेला, त्याच शहरात, त्याच सॅडलडोम नावाच्या रिंकमध्ये, सत्तावीस वर्षांनी यागरची लीगमधली कारकीर्द संपली: 22 सामने, एक गोल, दुखरा गुडघा. 2018 च्या जानेवारीत त्याला क्लाद्नोकडे पाठवण्यात आले, म्हणजे त्याच्या स्वतःकडेच, कारण 2011 पासून क्लाद्नोच्या संघाचा मालक तोच होता. एकूण 1733 सामने, 766 गोल, 1921 गुण घेऊन तो घरी आला आणि दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या आपल्या गावच्या संघातून खेळू लागला. तो खेळला की रिंक भरे आणि प्रायोजक टिकत, हे तो लपवीत नसे. त्याच्याआधी तो संघ सांभाळणारे त्याचे वडील 2022 मध्ये गेले. पन्नाशीच्या पुढे, आपल्या निम्म्याहून कमी वयाच्या मुलांबरोबर, तो बेंचवर बसत राहिला. आता भाषेची अडचण नव्हती. पण त्या मुलांच्या हसण्याचा अर्थ त्याला लगेच लागत असेल का, याविषयी मी साशंक आहे. अंतर फक्त देशांचेच असते असे नाही.

काल रात्री ती चित्रफीत मी पुन्हा पाहिली, या वेळी आवाज चालू ठेवून. तो इंग्रजीत बोलत होता. चौतीस वर्षांची इंग्रजी, सवयीची, विनोद जिथल्या तिथे पेरणारी; आणि प्रत्येक ‘र’ मात्र क्लाद्नोतून आलेला, जिभेवर घोळून मगच बाहेर पडणारा. लोक हसत होते आणि आता तो त्यांच्या आधी हसत होता. मी थोडा वेळ ऐकले. मग आवाज बंद केला, चित्रफीत सरावाच्या दृश्यापर्यंत मागे नेली आणि पाठीवर एकच आकडा घेतलेल्या त्या माणसांकडे नुसती पाहत राहिले. कुणीतरी काठी बर्फावर आपटत होते. पक इकडे दे, असे सांगण्याची ती त्यांची खूण आहे. काठी खाली येताना आणि वर जाताना दिसत होती, आणि दुसऱ्या कडेचा कुणीतरी मान न वळवता पक बरोबर तिथे पाठवीत होता.